केसपेपरवरचं प्रश्नचिन्ह

दादाची फाइल आमच्या गोदरेजच्या कपाटात आईच्या पैठणीखाली असते. निळी, प्लॅस्टिकची, दोरी तुटलेली. त्यातला पहिला केसपेपर मार्च १९९९ चा. वर दादाचं नाव, वय वर्षं २४, आणि खाली डॉक्टरांच्या तिरक्या अक्षरात आधी एक प्रश्नचिन्ह, मग ‘डिप्रेशन’. पुढच्या वर्षीच्या कागदावर प्रश्नचिन्ह, मग ‘बायपोलर’. त्यानंतरच्या कागदावर प्रश्नचिन्ह, मग ‘स्किझोफ्रेनिया’. ऑगस्ट २००२ च्या कागदावर नुसतंच ‘स्किझोफ्रेनिया’. प्रश्नचिन्ह गेलेलं.

गेल्या पावसाळ्यात ही फाइल बऱ्याच दिवसांनी बाहेर काढली. माझ्या मैत्रिणीची मुलगी लघुपट करते. तिने नवी पटकथा लिहिली होती. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या टॉवरमध्ये एकटा राहणारा एक माणूस आहे आणि त्याला आवाज ऐकू येतात. ती म्हणाली, “मावशी, एका डॉक्टरांना दाखवलीय. लक्षणं बरोबर आहेत म्हणाले. तरी तू वाच आणि खरं वाटतं का ते सांग.”

वाचली. लक्षणं खरोखरच बरोबर होती. दोन आवाज त्या माणसाबद्दल आपसात बोलतात, तो काय करतोय याचं धावतं वर्णन करतात. आपले विचार बाहेर सगळ्यांना ऐकू जातायत असं त्याला वाटतं. कुर्ट श्नायडर या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने विसाव्या शतकाच्या मध्यात स्किझोफ्रेनियाची जी ठळक लक्षणं वेगळी काढली, त्यातली तीन तिने नेमकी टिपली होती. आणि तरीही मला त्या माणसाचा आजार पटेना. तिसऱ्या प्रसंगात तो डॉक्टरांसमोर बसतो, डॉक्टर चार प्रश्न विचारतात, चष्मा काढतात आणि नाव सांगतात. तिथे मी वाचायची थांबले आणि उठून कपाट उघडलं.

आमच्याकडे सुरुवात आवाजांनी झाली नव्हती. १९९७ मध्ये दादा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. पहिल्या पाळीला पहाटे सायकल काढणारा माणूस आधी उशिरा उठायला लागला, मग दाढी करेनासा झाला. आंघोळीला चार-चार दिवस टाळाटाळ. नळाच्या तोंडाला फडकं बांधून ठेवायचा. जेवताना स्वयंपाकघरात मिक्सर लागला की ताटावरून उठून गॅलरीत जाऊन उभा राहायचा. आईला वाटायचं, चटणीचा वास नकोसा झालाय. मला वाटायचं, पुढे कामं सांगतील म्हणून पळतोय. कारखान्यातून निरोप आला की हा मशीनसमोर नुसता उभा असतो. बाबा त्याला आळशी म्हणाले. मीही म्हणाले. मामांनी सुचवलं, लग्न लावून द्या, ताळ्यावर येईल. एका रविवारी बाबांनी त्याच्यावर हात उगारला आणि तो हात खाली यायचा थांबला नाही. दादा बावीस वर्षांचा होता. त्याने मार चुकवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

आजार घरात येतो तो असा. बहुतेक चित्रपट पहिल्या आवाजापासून किंवा पहिल्या किंकाळीपासून सुरू होतात. त्याआधीचं दीड-दोन वर्षांचं धुकं, ज्यात आजारी माणूस आळशी, माजलेला, हट्टी अशा साध्या मराठी शब्दांनी ओळखला जातो, ते कापलेलं असतं. मला वाटतं, निदान पटेल की नाही याचा निकाल तिथेच लागतो. ज्या घराला आधी चुकताना पाहिलेलं नाही, त्या घराला मिळालेल्या उत्तराचं मोल प्रेक्षकाला कुठून कळणार?

पहिल्या डॉक्टरांचा अनुभव वाईट होता. पाचेक मिनिटांत त्यांनी आईकडे न बघता सांगितलं, “वेडाचाच प्रकार आहे, गोळ्या आयुष्यभर.” दादा समोर बसलेला होता. त्या गोळ्या आठवड्यात बंद पडल्या. दुसऱ्या डॉक्टरांनी मात्र पहिल्या भेटीत निम्मा वेळ आईशी बोलण्यात घालवला. लहानपणी पडला होता का, मेंदूज्वर झाला होता का, घराण्यात कुणाला काही होतं का, झोप कधीपासून बिघडली, कुठलं व्यसन आहे का. थायरॉइड आणि बी-ट्वेल्व्ह तपासायला सांगितलं. मी विचारलं, यातून कळेल का काय झालंय? ते म्हणाले, “यातून काय झालेलं नाही ते कळेल.”

हे वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकून घेतलं होतं. नंतर वाचत गेले तसं त्याचं वजन कळलं. स्किझोफ्रेनिया दाखवून देणारी रक्ताची चाचणी नाही, एक्स-रे नाही. बाकीच्या शक्यता वगळायच्या, माणसाचं ऐकायचं, घरच्यांचं ऐकायचं आणि काळ जाऊ द्यायचा. किती काळ, यावरसुद्धा एकमत नाही. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या ‘डीएसएम’ या निदान-पुस्तिकेत त्रासाच्या खुणा एकूण सहा महिने तरी दिसायला हव्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘आयसीडी’ या आजारांच्या यादीत लक्षणं महिनाभर टिकलेली असली तरी चालतं. म्हणजे दोन महिने आजारी असलेल्या एकाच माणसाला एकाच दिवशी दोन टेबलांवर दोन वेगळी नावं मिळू शकतात. कोणतंही टेबल खोटं बोलत नसतं. आमच्या डॉक्टरांचं प्रश्नचिन्ह त्या प्रामाणिकपणाचं होतं, आणि मी पाहिलेल्या कुठल्याच चित्रपटात मला ते लिहिलेलं आठवत नाही.

लोकप्रिय सिनेमाने निदानाची एक पद्धत ठरवून टाकली आहे. १९६० च्या ‘सायको’त शेवटी एक मनोविकारतज्ज्ञ उभा राहून खुनी माणसाचं मन सगळ्यांना उलगडून सांगतो, आणि प्रेक्षक घरी जायला मोकळा होतो. २००१ च्या ‘अ ब्यूटिफुल माइंड’मध्ये गणितज्ञ जॉन नॅशला नसलेली माणसं दिसतात, कारण पडद्याला डोळ्यांना दिसणारं काहीतरी हवं असतं. प्रत्यक्षात या आजारात ऐकू येणारे भास जास्त आढळतात आणि नॅश यांनाही आवाजच ऐकू येत. चित्रपटातले नॅश उतारवयात नवी औषधं घेत असल्याचं सांगतात. खऱ्या नॅश यांनी १९७० नंतर औषधं घेतली नव्हती. यावर जास्त बोलायचं नाही, कारण त्या सिनेमाकडून माझी वेगळी अपेक्षा नव्हती.

माझी अपेक्षा दुसऱ्या सिनेमाकडून आहे, जो मी विशीत असल्यापासून फिल्म सोसायटीच्या खुर्च्यांवर बसून पाहत आले. या सिनेमाने ‘सायको’तल्या डॉक्टरला नाकारलं. माणसाला एका शब्दात बसवायचं नाही असं ठरवलं. नाव न उच्चारणं ही त्याची सभ्यता झाली. स्वीडिश दिग्दर्शक इंगमार बर्गमनच्या ‘पर्सोना’त, १९६६ मधल्या, रंगमंचावर भूमिका करता करता गप्प झालेली नटी रुग्णालयात आहे. तिची डॉक्टर सांगते की ही शरीराने आणि मनानेही धडधाकट आहे. मग ती तिच्या मौनाचा अर्थ फार सुंदर शब्दांत सांगते आणि समुद्रकाठचं स्वतःचं घर तिला राहायला देते, सोबत एक परिचारिका. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी भारावून गेले होते. दादाचं सुरू झाल्यावर परत पाहिला तेव्हा त्या घरापाशी अडखळले. आमचे डॉक्टर चरईतल्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात रात्री साडेनऊपर्यंत बसत. बाहेर बाकावर पंधरा माणसं. ‘पर्सोना’ लहान झाला असं मी म्हणणार नाही. पण तिथल्या डॉक्टरला एवढं छान बोलायला वेळ आहे, कारण तिला उद्या सकाळी त्या बाईला अंघोळ घालायची नाही.

याच बर्गमनचा १९६१ चा ‘थ्रू अ ग्लास डार्कली’ मात्र मला वर्षानुवर्षं सोडत नाही. एक बेट, चार माणसं, एक दिवस. कारिन रुग्णालयातून नुकतीच परतली आहे. नवरा डॉक्टर, वडील लेखक. वरच्या खोलीतल्या भिंतीवरच्या कागदामागून तिला आवाज येतात. तिचं निदान तिला कुणी सांगत नाही. वडिलांच्या टेबलाच्या खणात त्यांची डायरी सापडते, आणि त्यात लिहिलेलं असतं की हिचा आजार बरा होणारा नाही, आणि तो कसा वाढत जातो हे पाहून टिपून ठेवायची मला अनावर ओढ आहे. निदान असंही पोहोचतं. बंद खणातून, दुसऱ्यासाठी लिहिलेल्या ओळीतून. आमच्याकडे दादाने एकदा ही निळी फाइल उघडून वाचली होती, आम्ही झोपलेलो असताना. सकाळी एवढंच विचारलं, “प्रश्नचिन्ह का घातलंय?” त्याच्याबद्दल लिहायला बसते तेव्हा ती डायरी माझ्यासमोर असते. हा लेख लिहिण्याआधी मी त्याला विचारलं. तो दोन दिवस काही बोलला नाही, मग म्हणाला, लिही.

नाव न सांगण्याची सभ्यता मला कुठे पटते आणि कुठे पटत नाही, ते मला जॉन कॅसाव्हेटीसच्या ‘अ वुमन अंडर द इन्फ्लुअन्स’मुळे कळलं. १९७४ चा चित्रपट. मेबल ही तीन मुलांची आई, नवरा निक बांधकामावरचा मजूर. ती विचित्र वागते, पण कोणत्या बाजूने विचित्र ते सांगता येत नाही. घरी डॉक्टर येतो, सासू ओरडते, नवरा गोंधळतो, तिला रुग्णालयात पाठवतात. सहा महिन्यांनी ती परत येते तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं असतं. शेवटपर्यंत आजाराचं नाव नाही. आणि मला एका क्षणासाठीही नाव लपवलंय असं वाटलं नाही, कारण ते निकलाही माहीत नाही. न कळणं त्या घरातलं आहे, जेवणाच्या टेबलावर पसरलेलं आहे. मला खोटा वाटतो तो दुसरा प्रकार, जिथे घरातल्या सगळ्यांना नाव माहीत असणार हे उघड आहे, गोळ्यांची पाकिटं खणात आहेत, आणि तरी कवितेला धक्का लागू नये म्हणून दिग्दर्शक ते आपल्याकडे ठेवून घेतो. मग आजार हा समुद्रासारखा, धुक्यासारखा होतो. बघायला सुंदर, आणि कुणाचाच नाही.

आपल्याकडे सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी हे काम वेगळ्या जागेवरून केलं. ‘देवराई’ मी आईबरोबर पाहिला, २००४ च्या सुमारास. अतुल कुलकर्णीचा शेष, त्याची ती राई, आणि त्याला सांभाळणारी बहीण, सोनाली कुलकर्णी. मराठी पडद्यावर ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द न घाबरता ऐकू आला आणि आईने माझा हात धरला. घरी येताना रिक्षात ती बराच वेळ गप्प होती. तलावपाळीपाशी म्हणाली, “चांगला होता गं. पण आता उद्या सकाळी काय करतील ते?” पुढे ‘अस्तु’मध्ये मोहन आगाशे स्मृती हरवत गेलेले संस्कृत पंडित झाले. ते स्वतः मनोविकारतज्ज्ञ. आयुष्यभर टेबलाच्या ज्या बाजूला बसले, त्याच्या पलीकडे जाऊन बसलेला माणूस मी तिथे पाहिला. आणि ‘कासव’, ज्याला २०१६ चं सुवर्णकमळ मिळालं. जगणं नको झालेल्या मुलाला तिथे आधी निवारा मिळतो, प्रश्न नंतर येतात. त्याला आसरा देणारी बाई स्वतः नैराश्यातून गेलेली आहे. निदान करण्याची घाई नसलेला तो चित्रपट मला मनापासून पटतो, कारण तिथली घाई न करणारी माणसं रोज स्वयंपाक करतात.

अपर्णा सेन यांच्या २००५ च्या ‘१५ पार्क अव्हेन्यू’बद्दल माझं मत अजून ठरत नाही. मिठी, म्हणजे कोंकणा सेन शर्मा, तिच्या मनातला नवरा आणि पाच मुलं राहतात तो पत्ता शोधते आहे. शेवटी ते घर तिला सापडतं आणि ती त्यात नाहीशी होते. बाकीचे रस्त्यावर शोधत राहतात. या शेवटावर आमच्या गटात रात्री उशिरापर्यंत वाद झाला होता. मला मात्र त्यात आजार खरा वाटला तो शबाना आझमींच्या खांद्यांमुळे. मोठ्या बहिणीचे ते खांदे, जे घरात शिरताना आधी घराचा कानोसा घेतात. मलाही ती सवय आहे. लॅचची किल्ली फिरवायच्या आधी मी दाराला कान लावते. आता गरज नाही, तरी लावते.

एक गोष्ट मात्र कुणीच नीट दाखवत नाही, ती म्हणजे औषधं. नट वेड डोळ्यांनी करतात. गरागरा फिरणारे, विस्फारलेले डोळे. उपचार सुरू झाल्यावरचा चेहरा त्याच्या उलट असतो, थिजलेला. हॅलोपेरिडॉलने दादाचं चालणं म्हाताऱ्यासारखं झालं, पाय घासत. हात कापायचा म्हणून कप अर्धाच भरायचा. त्या कापऱ्यावर आणखी एक गोळी, पॅसिटेन. नंतरच्या गोळ्यांनी बावीस किलो वजन वाढलं. क्लोझापिन सुरू झालं तेव्हा पांढऱ्या पेशी कमी होत नाहीत ना हे पाहायला सुरुवातीला दर आठवड्याला रक्त द्यायला जायचो, आणि रात्री त्याची उशी लाळेने भिजायची. रस्त्यावरून जाणारा माणूस त्याला बघून ‘वेडा’ म्हणतो तेव्हा तो बहुतेक औषधांचा परिणाम बघत असतो. एखाद्या दिग्दर्शकाने फक्त ती उशी दाखवावी, मला पूर्ण निदान पटेल.

आम्ही ठाण्याचे आहोत, म्हणून हे जरा जास्त लागतं. १९०१ पासून इथे मनोरुग्णालय आहे, आणि मुंबईपासून कोकणापर्यंत ‘याला ठाण्याला पाठवा’ हे वाक्य विनोद म्हणून चालतं. ठाण्यातल्याच नाट्यगृहात, ठाणेकरांनी भरलेल्या, एका विनोदी नाटकात ते वाक्य आलं आणि सगळं सभागृह हसलं. माझ्या शेजारी दादा बसला होता. त्याच शहरात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठीची संस्था सुरू केली, आणि हळूहळू बोलण्यातले शब्द बदललेलेही मी पाहिले. स्वमदत गटांमध्ये आजारी माणसाला शुभार्थी म्हणतात, सांभाळणाऱ्याला शुभंकर. ‘पेशंट’ आणि ‘नातेवाईक’ या शब्दांत न मावणारं काहीतरी त्यात मावतं. आता त्या मनोरुग्णालयाच्या काही जागेवर ठाणे आणि मुलुंडच्या मधलं नवं स्टेशन होतंय. उद्या लोक ‘ठाण्याला’ कशासाठी म्हणतील कोण जाणे.

शब्द माणसाला दुखावतात हे मी जाणते. आपला ‘छिन्नमनस्कता’ हा शब्दसुद्धा चकवतो. त्यावरून लोकांना एकाच माणसात दोन माणसं वाटतात आणि ती तर वेगळीच गोष्ट आहे. जपानने २००२ मध्ये या आजाराचं नावच बदललं. पण निदानाचं नाव म्हणजे माणसावर मारलेला शिक्का, एवढंच जेव्हा आर्ट फिल्म पुन्हा पुन्हा सांगते, तेव्हा मला ऑगस्ट २००२ मधली ती संध्याकाळ सांगावीशी वाटते.

डॉक्टरांनी त्या दिवशी आम्हा सगळ्यांना बोलावलं होतं. साडेतीन वर्षांच्या नोंदी समोर ठेवून त्यांनी नाव सांगितलं, दादाकडे बघून. म्हणाले, यात तुमचा दोष नाही, आईवडिलांचाही नाही. बाबांनी खिशातली डायरी काढली आणि तो लांबलचक शब्द देवनागरीत लिहून घेतला. स्पेलिंग विचारतात तसं ‘स’ला ‘क’ जोडायचा ना, असं विचारलं. घरी आलो. आईने चहा टाकला. बाबा कपडे न बदलता दादासमोर बसले आणि म्हणाले, “मी तुला मारलं होतं. मला माहीत नव्हतं रे.” आमच्या घरात वडील मुलाची माफी मागत नसत. बाबांना ती मागता आली, कारण त्यांच्या हातात तो शब्द होता. तोवर त्यांनी आळशी मुलाला मारलं होतं, त्या दिवसापासून आजारी मुलाला मारलं होतं. दादाने त्यांचा हात आपल्या गुडघ्यावरून उचलून त्यांच्या कपाला लावला. म्हणाला, “गार होतोय.”

हे सगळं मी त्या मुलीला सांगितलं. ती गेली आणि महिन्याभराने नवा खर्डा घेऊन आली. या वेळी डॉक्टरचा प्रसंग पूर्ण काढून टाकला होता. मी म्हटलं, नाव काढून टाक असं मी म्हटलं नव्हतं, त्याला मिळायला वेळ लागू दे. आम्ही बोलत होतो तेव्हा दादा आत आला. आता पन्नाशीचा आहे, सकाळी तळ्याला दोन फेऱ्या मारतो, रात्री नऊला गोळी घेतो, विचारल्याशिवाय फारसं बोलत नाही. ती म्हणाली, “मामा, तुम्ही वाचाल?” मला भीती वाटली. पण त्याने पानं घेतली आणि गॅलरीत खुर्ची टाकून बसला. तासभर वाचत होता.

परत आला तेव्हा एका पानात बोट घालून ठेवलं होतं. “याला आवाज येतात तेव्हा घरात काय चालू असतं?” त्याने विचारलं.

“म्हणजे?”

“टीव्ही? नळ? पंखा? की सगळं बंद?”

तिने याचा विचार केला नव्हता. कुणीच केला नव्हता.

“मला मिक्सर लागला की यायचे,” दादा म्हणाला. “मिक्सरच्या आतून. आई चटणी वाटायची तेव्हा. बंद केला की जायचे.”

त्याने हे अगदी सहज सांगितलं, बस किती वाजताची होती ते सांगावं तसं. मी त्या निळ्या फाइलमधला कागद न् कागद वाचलेला आहे. हे त्यात कुठेही नाही. मुलीने पेन काढलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि परत खाली ठेवलं.

“काय म्हणायचे, मामा?” तिने हळूच विचारलं.

“ते नको आता,” तो म्हणाला, आणि पानं तिच्याकडे देऊन चहाचं आधण ठेवायला आत गेला.